श्वासनलिकेचा कर्करोग आणि किरणोपचार : सांगली-साताऱ्याहून वारंवार येणारे प्रश्न

हा आजार इतका कमी दिसतो की एखाद्या घरात निघाला, तर गावात कुणालाच त्याचा अनुभव नसतो. फॅमिली डॉक्टरांनीही आयुष्यात एखादाच रुग्ण पाहिलेला असतो, कित्येकांनी तोही नाही. मग प्रत्येक घर तेच प्रश्न पहिल्यापासून विचारू लागतं. मिरजेत किरणोपचाराचं काम करताना रुग्ण, त्यांची मुलं-सुना आणि गावाकडचे डॉक्टर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. किरणोपचाराला आपल्याकडे कुणी 'लाइट' म्हणतं, कुणी 'शेक'. इथेही ते शब्द तसेच येतील. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या रुग्णाचा निर्णय त्याची फाइल आणि सीटी समोर ठेवूनच व्हायला हवा.

१. श्वासनलिकेचा कॅन्सर म्हणजे घशाचा की फुफ्फुसाचा?

दोन्हीही नाही. स्वरयंत्राच्या खाली सुरू होऊन छातीत दोन फाटे फुटेपर्यंत जी नळी जाते, ती श्वासनलिका. मोठ्या माणसात ती १० ते १२ सेंमी लांब आणि साधारण दीड-दोन सेंमी रुंद असते. पुढून आणि बाजूंनी तिला कूर्चेच्या अर्धकड्या असतात. मागची बाजू मऊ असते आणि त्या मऊ बाजूला चिकटूनच अन्ननलिका जाते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, लाइट चालू असताना होणाऱ्या बऱ्याच त्रासांचं कारण तेच आहे. या नळीतच सुरू होणारे कर्करोग हजार कर्करोग्यांमागे एखाद-दोन जणांनाच होतात.

२. आईला दोन वर्षं दमा म्हणून पंप चालू होता. आता श्वासनलिकेत गाठ निघाली. आधी कळलं कसं नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यामागे घरच्यांच्या मनात अपराधीपणा असतो. तो मनातून काढून टाका. श्वासनलिकेत जागा भरपूर असते. गाठ अर्धी वाट अडवते तरी बसल्या जागी माणसाला काही जाणवत नाही. साधारण ८ मिलिमीटर वाट उरली की जिना चढताना, डोक्यावर घागर घेतल्यावर दम लागतो. ५ मिलिमीटरवर आली की बसल्या जागीही लागतो. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये फुफ्फुसं स्वच्छ दिसतात आणि मधली नळी नजरेतून सुटते. त्यात चुलीचा धूर, उसाचं पाचट पेटवल्यावरची काजळी, हळद आणि धान्याची धूळ यांमुळे आपल्याकडे शिट्टी वाजणाऱ्या छाती कमी नाहीत. दम्याचंच नाव आधी पुढे येतं. थुंकीत रक्त आलं तर टीबीचं येतं.

तरी काही खुणा आहेत. दम्याची शिट्टी बहुधा श्वास सोडताना येते आणि छातीभर ऐकू येते. श्वासनलिका अडली असेल तर श्वास आत घेतानाही घरघर होते आणि स्टेथोस्कोप छातीपेक्षा मानेवर ठेवला तर ती जास्त स्पष्ट ऐकू येते. पंपाने फरक पडत नाही. एका कुशीवर वळलं की त्रास वाढतो. रुग्ण सांगतो, 'घशात काहीतरी अडकल्यासारखं आहे.' चाळिशीनंतर पहिल्यांदा दमा निघाला आणि औषधांनी हटत नसेल, तर फुंकायच्या तपासणीचा नुसता आकडा पाहू नका, तिचा आलेखही पाहायला सांगा. वरची वाट अडली असेल तर आलेखाचं टोक सपाट होतं. त्यानंतर मान आणि छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी, आणि दुर्बिणीने तपासणी. गावाकडच्या डॉक्टरांना माझी एवढीच विनंती आहे : तिसऱ्यांदा स्टेरॉइड लिहिण्याआधी एकदा मानेला स्टेथोस्कोप लावा.

३. रिपोर्टवर 'अडेनॉइड सिस्टिक' लिहिलंय. शेजारच्या गावातल्या एकाला 'स्क्वॅमस' होता. फरक काय? आईने तर आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही.

श्वासनलिकेतले बहुतेक कर्करोग या दोन प्रकारांपैकी एक असतात आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. स्क्वॅमस तंबाखूशी जोडलेला आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्या, साठीच्या आसपासच्या पुरुषांत तो जास्त दिसतो. लवकर वाढतो, आजूबाजूच्या लसिकाग्रंथींत (रिपोर्टवर 'नोड्स') जातो. अडेनॉइड सिस्टिकचा तंबाखूशी संबंध नाही. तो बायका-पुरुषांत सारखाच, आणि थोड्या तरुण वयात होतो. वाढतो हळू, पण नळीच्या अस्तराखालून आणि नसांच्या कडेने डोळ्यांना न दिसता लांबवर पसरतो. कित्येक वर्षांनी फुफ्फुसात उगवतो. तेव्हा 'तुम्ही काही खात होता का' हा प्रश्न आईला पुन्हा विचारू नका. पुढच्या बऱ्याच उत्तरांत या दोन प्रकारांमुळे फरक पडतो. कार्सिनॉइड आणि म्यूकोएपिडर्मॉइड हे आणखी दोन प्रकार कधीकधी दिसतात, त्यांत मुख्य उपचार शस्त्रक्रियाच.

४. आधी ऑपरेशन की आधी लाइट?

काढता येत असेल तर आधी ऑपरेशन. गाठ असलेला नळीचा तुकडा कापून दोन टोकं एकमेकांना जोडतात. मोठ्या माणसात साधारण निम्म्या लांबीपर्यंत नळी काढता येते. उंची, वय, मानेची लवचीकता यांवर ते कमी-जास्त होतं. जोडावर ताण येऊ नये म्हणून ऑपरेशननंतर आठवडाभर हनुवटी छातीच्या दिशेने टाक्याने बांधून ठेवतात. रुग्णाला पाहून घरचे घाबरतात, पण ती ठरवून केलेली गोष्ट असते. ही शस्त्रक्रिया बोस्टनच्या डॉ. हर्मीस ग्रिलो यांनी घडवली आणि आजही ती मोजक्या ठिकाणीच नियमित होते.

त्यामुळे 'ऑपरेशन होणार नाही' हे वाक्य कुणी म्हटलं, याला महत्त्व आहे. श्वासनलिकेची ऑपरेशनं करणाऱ्या शल्यचिकित्सकाने सीटी पाहून ते म्हटलं असेल तर मान्य करा. इतर कुणी म्हटलं असेल तर लाइट सुरू करण्याआधी एकदा दुसरं मत घ्या. पूर्ण डोसची लाइट आधी दिली की तिथल्या ऊतींचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मागाहून ऑपरेशन करायचं ठरलं तर जोड नीट भरून येत नाही. क्रम चुकला तर मागे फिरता येत नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

५. ऑपरेशन झालं, पण रिपोर्टमध्ये 'मार्जिन पॉझिटिव्ह' आलं. सर्जननी अर्धवट काढलं का?

बहुतेक वेळा नाही. 'मार्जिन पॉझिटिव्ह' म्हणजे कापलेल्या कडेला कर्करोगाच्या पेशी दिसल्या. अडेनॉइड सिस्टिक अस्तराखालून पसरतो हे वर सांगितलं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली शेवटची पेशी दिसेपर्यंत कापत गेलं तर जोडायला नळीच उरत नाही. आखूड पडलेलं कापड ओढून शिवलं की टाका उसवतो, तसंच इथे होतं, आणि श्वासनलिकेचा जोड उसवला तर जीवावर बेततं. म्हणून जाणता सर्जन कडेला थोड्या पेशी राहू देतो आणि त्या लाइटसाठी सोडतो. अशा वेळी ऑपरेशननंतर साधारण ४ ते ८ आठवड्यांनी, दुर्बिणीने जोड भरलेला पाहून, लाइट सुरू होते. डोस बहुधा ५४ ते ६० ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप). स्क्वॅमसमध्ये कडा स्वच्छ असल्या तरी लसिकाग्रंथींत आजार सापडला असेल तर लाइट दिली जाते.

६. ऑपरेशन होत नाही म्हणाले. मग लाइट म्हणजे आपलं नुसतं समाधान?

नाही. ऑपरेशन शक्य नसताना ६० ते ७० ग्रेपर्यंतची पूर्ण लाइट हा खरा उपचार आहे, आणि काही रुग्णांत आजार वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो.

आकडे विचारता म्हणून सांगतो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने १९६२ ते २००२ या ४० वर्षांतल्या २७० रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. अडेनॉइड सिस्टिकमध्ये ऑपरेशन झालेले ५२ टक्के आणि ऑपरेशन न होऊ शकलेले ३३ टक्के रुग्ण ५ वर्षांनी हयात होते. स्क्वॅमसमध्ये हेच आकडे ३९ आणि ७ टक्के होते. जगातल्या या विषयातल्या सगळ्यात अनुभवी रुग्णालयाला २७० रुग्ण जमवायला ४० वर्षं लागली, यावरून आजार किती विरळ आहे ते कळेल. हे आकडे जुन्या यंत्रांच्या काळातले आहेत. शिवाय ज्यांचं ऑपरेशन होऊ शकलं नाही त्यांचा आजार मुळातच पुढे गेलेला होता, त्यामुळे सगळा फरक ऑपरेशनचा असं म्हणता येत नाही. तुमच्या माणसाचं काय होईल ते या आकड्यांवरून ठरत नाही. पण अडेनॉइड सिस्टिकमध्ये ऑपरेशनाविनाही तिघांतला एक जण ५ वर्षांनंतर होता, हे मला 'आता काही उरलं नाही' म्हणणाऱ्या प्रत्येक घराला सांगावंसं वाटतं.

लाइट त्रास कमी करण्यापुरतीच द्यायची असेल तर ती छोटी असते, ५ दिवसांत २० ग्रे किंवा दोन आठवड्यांत ३० ग्रे. तुमच्या रुग्णाला कोणती आहे हे स्पष्ट विचारा : 'डॉक्टर, ही बरं करण्यासाठी आहे की आराम पडण्यासाठी?' हा प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

७. बाबांना श्वासच घेता येत नाही. उद्याच लाइट सुरू करता येईल का?

लाइटचा परिणाम दिसायला दिवस-आठवडे जातात. उलट पहिल्या काही दिवसांत सूज येऊन वाट आणखी अरुंद होऊ शकते. म्हणून बसल्या जागी घरघर होत असेल, वाक्य एका दमात पुरं होत नसेल, रात्र बसून काढावी लागत असेल, तर आधी वाट मोकळी करायची आणि मग लाइट. हे काम ताठ दुर्बिणीने, भूल देऊन होतं. गाठीचा आतला भाग खरवडून, लेझरने जाळून किंवा गोठवून काढतात. गरज पडली तर आत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, बसवतात. रुग्णाला त्याच दिवशी हलकं वाटतं. बायोप्सीही त्याच वेळी घेता येते. स्टेरॉइड आणि ऑक्सिजन तोवर वेळ मिळवून देतात, आजार हटवत नाहीत.

घरघर अचानक वाढली, ओठ निळसर पडले किंवा थुंकीत कपभर रक्त आलं, तर ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि गाडीत रुग्णाला आडवं न झोपवता बसवून आणा.

८. लाइट किती दिवस? दुखतं का? भरती व्हावं लागतं का?

पूर्ण उपचार सोमवार ते शुक्रवार, रोज एकदा, साधारण सहा ते सात आठवडे. टेबलावर १०-१५ मिनिटं, त्यातली किरणं सुरू असण्याची वेळ काही मिनिटांची. एक्स-रे काढताना जेवढं जाणवतं तेवढंच, म्हणजे काहीच नाही. चालता-फिरता रुग्ण रोज येऊन घरी जातो.

९. तोंडावर जाळी बसवतात म्हणे. बाबांना आडवं झोपलं की गुदमरतं, त्यांना कसं जमणार?

मणका श्वासनलिकेच्या मागे काही सेंमीवर आहे आणि त्यातल्या मज्जारज्जूला साधारण ४५ ते ५० ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नसतं. गाठीला मात्र ६० च्या वर द्यायचं असतं. म्हणून रोज मान त्याच जागी, त्याच कोनात असावी लागते. त्यासाठी जाळी.

ती बनते कशी ते सांगतो, म्हणजे भीती जाईल. पांढऱ्या प्लॅस्टिकची कडक, भोकाभोकांची पाटी असते. ती ७० अंशांच्या आसपासच्या पाण्यात टाकली की काचेसारखी पारदर्शक आणि मऊ होते. बाहेर काढून पाणी निथळतात, चेहरा आणि खांद्यांवर ओढून कडा टेबलाला अडकवतात आणि बोटांनी नाकाशी, हनुवटीशी दाबून बसवतात. कोमट लागते, भाजत नाही. दहा-एक मिनिटांत पुन्हा पांढरी आणि घट्ट होते. भोकांतून श्वास नीट येतो. डोळे आणि तोंडाची जागा कापूनही मिळते, मागावं लागतं. मग याच जाळीत सीटी होतो आणि त्यावर योजना आखली जाते. गाठ छातीत खाली असेल तर जाळीऐवजी पाठीखाली साचा करतात.

आडवं होता येत नसेल तर त्याचा अर्थ वाट अजून पुरेशी मोकळी नाही. आधी प्रश्न ७ मधलं काम. तरीही जमत नसेल तर छाती थोडी उचलून, उतरत्या फळीवर साचा करता येतो. भीतीमुळे गुदमरत असेल तर घरी रोज थोडा वेळ उशी काढून, चेहऱ्यावर पातळ पंचा टाकून पडायची सवय करा. यंत्राच्या खोलीत रुग्ण एकटा असला तरी बाहेर कॅमेऱ्यावर आम्ही पाहत असतो. हात वर केला की यंत्र थांबवून आत येतो.

१०. हे मिरजेत होतं की मुंबईलाच जावं लागेल?

दोन गोष्टी वेगळ्या करा. निर्णय आणि ऑपरेशन यांसाठी श्वासनलिकेचं काम करणारं केंद्र लागतं आणि त्यासाठी एक फेरी मुंबईला, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किंवा तशाच मोठ्या ठिकाणी, करावी असं माझं ठाम मत आहे. कोल्हापूरहून सुटणारी महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा असं घेत रात्रीतून पोहोचवते. पण सहा आठवड्यांची रोजची लाइट मुंबईत धर्मशाळेत राहून घेण्याची बहुतेकांना गरज नसते. लिनॅक यंत्र (विजेवर किरणं तयार करणारं), तीव्रता बदलणारी किरणं आणि रोज फोटो घेऊन जागा तपासण्याची सोय असेल, तर ती मिरज, कराड, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात घेता येते. घरचं जेवण आणि घरची माणसं याचा फायदा मोठा असतो.

विचारायचं एवढंच : 'लाइट लिनॅकवर आहे की कोबाल्टवर?' आराम पडण्यासाठीच्या छोट्या लाइटला कोबाल्टही (किरणोत्सारी धातूवर चालणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) चालतं. बरं करण्याच्या डोसला, मज्जारज्जू वाचवायचा असल्याने, लिनॅक हवं. मुंबईच्या केंद्राने लिहिलेली योजना, सीटीची सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जतन केलेले गाठीचे तुकडे) सोबत आणा. नुसत्या कागदावर काम होत नाही.

११. खर्चाचं कसं?

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत किरणोपचार येतो, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. रुग्णालय योजनेत आहे का ते आधी पाहा आणि तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन भेटा. मंजुरी लाइट सुरू होण्याआधी लागते. आधी रोख भरून मागून परतावा मिळेल या भरवशावर राहू नका. कमी पडलं तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज करता येतो. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. फॉर्मवर रुग्णालयाची सही लागते. एसटीतही सवलत आहे. जमीन गहाण टाकण्याआधी हे सगळं करून पाहा.

१२. तिसऱ्या आठवड्यापासून घास उतरत नाही. लाइट थांबवू का?

थांबवू नका, सांगा. नळीच्या मागे चिकटलेल्या अन्ननलिकेला किरणांचा मार बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गिळताना जळजळ आणि दुखणं सुरू होतं, शेवटी वाढतं, आणि लाइट संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतं. जेवणाआधी घ्यायचं सुन्न करणारं पातळ औषध आणि वेदनाशामक मिळतं. गरज पडली तर थोड्या दिवसांसाठी नाकातून नळी.

जेवण थांबू देऊ नका. गार ज्वारीची आंबील, नाचणीची पेज, मऊ मुगाची खिचडी तुपासह, ताक, दही-भात, अर्धं कच्चं नसलेलं मऊ अंडं, भिजवून वाटलेले बेदाणे. भडंग, ठेचा, तांबडा रस्सा, कडक भाकरीचे पापुद्रे आणि कढत चहा दोन महिने बंद. सोलापुरी चटणीशिवाय जेवण जात नाही म्हणणाऱ्यांना पहिले आठ दिवस जड जातात. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर करा. फार उतरलं तर जाळी सैल होते आणि योजना पुन्हा करावी लागते.

मानेची कातडी काळवंडते. तिथे तेल, बाम, हळदीचा लेप काही नको. सैल सुती कपडा पुरे.

१३. आमच्याकडे घरची सांगलीची हळद आहे. रोज चमचाभर दिली तर गाठ विरघळेल का? लाइटच्या जोडीला द्यावी का?

आमटी-भाजीत, दुधात चिमूटभर, रोजच्यासारखी खुशाल द्या. गाठ हळदीने विरघळत नाही. चमचे भरून किंवा कॅप्सूलमधून मोठ्या प्रमाणात देऊ नका. आधीच सोललेल्या अन्ननलिकेला त्रास होतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. कुणी काढा, भस्म, पुडी दिली असेल तर लपवू नका, पिशवीच घेऊन या. मी रागावणार नाही, मला माहीत असणं गरजेचं आहे.

१४. घरात सहा महिन्यांचं नातवंड आहे. बाबांच्या अंगातून किरणं येतील का?

नाही. यंत्र बंद झालं की किरणं संपली. मांडीवर खुशाल घ्या, ताट-भांडं वेगळं करू नका.

१५. पुरात रस्ता बंद झाला आणि चार दिवस लाइट चुकली. मागाहून चार दिवस जास्त घेतली की झालं ना?

फक्त शेवटी दिवस वाढवणं पुरत नाही, विशेषतः स्क्वॅमसमध्ये. उपचार सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी उरलेल्या पेशी वेगाने वाढू लागतात. एकूण कालावधी लांबला की त्यांना फावतं. म्हणून खंड पडला तर तो आतच भरून काढतात : काही दिवस दिवसातून दोनदा, दोन वेळांमध्ये किमान ६ तास ठेवून, किंवा शनिवारी. हे गणित आम्ही करायचं, पण त्यासाठी तुम्ही त्याच दिवशी फोन करायला हवा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर मी नदीकाठच्या प्रत्येक रुग्णाला पावसाळ्यात एकच सांगतो. सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की थांबू नका, मिरजेत नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयाजवळ राहायला या. पूर ओसरल्यावर येण्यापेक्षा आधी आलेलं बरं. तोडणीचा हंगाम, गावची यात्रा, घरातलं लग्न यांसाठीही खंड नको. तारीख आधी सांगितली तर पुढे-मागे करून सुरुवातच तशी ठरवता येते. अडेनॉइड सिस्टिक हळू वाढतो, त्यात एखाद्या खंडाने कमी बिघडतं, पण म्हणून सूट नाही.

१६. लाइटसोबत केमो का?

स्क्वॅमसमध्ये, ऑपरेशन नसेल आणि तब्येत सोसत असेल तर, आठवड्यातून एकदा प्लॅटिनम वर्गातलं औषध देतात. ते पेशींना किरणांपुढे हळवं करतं. आजार विरळ असल्याने हे ज्ञान बरंचसं फुफ्फुसाच्या कर्करोगावरून घेतलेलं आहे. अडेनॉइड सिस्टिकमध्ये केमोचा फायदा पक्का नाही आणि नुसत्या केमोने तो बरा होत नाही. मूत्रपिंड कमकुवत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर आधी सांगा, औषध बदलता येतं.

१७. प्रोटॉन घ्यावं का? आणि आतून देतात ती लाइट?

प्रोटॉन म्हणजे नेहमीच्या किरणांऐवजी वापरायचे सूक्ष्म कण. तो गाठीपर्यंत जाऊन थांबतो, पलीकडच्या हृदय-फुफ्फुसाला कमी लागतं. चेन्नईत २०१९ पासून आणि नंतर खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा स्मारकचंच नवी मुंबईतलं केंद्र) ही सोय झाली. तरुण रुग्ण, मोठा डोस किंवा आधी लाइट झालेली असेल तर एकदा विचारून पाहावं. सर्वांनी त्यासाठी घर विकावं असा पुरावा नाही. जपानमध्ये १९९४ पासून कार्बन आयन, म्हणजे प्रोटॉनपेक्षा जड कण, वापरतात, अडेनॉइड सिस्टिकवर ते प्रभावी दिसतं. भारतात ते नाही.

आतून लाइट म्हणजे दुर्बिणीने बारीक नळी गाठीजवळ ठेवून इरिडियमचा कण काही मिनिटांसाठी आत पाठवणं. कण परत यंत्रात जातो, अंगात काही राहत नाही. उरलेल्या छोट्या गाठीसाठी किंवा परत आलेल्या आजारासाठी उपयोगी. मोठा रक्तस्राव आणि नळी आकसणं हे त्याचे धोके आहेत, सही करण्याआधी समजून घ्या.

१८. गळ्यात श्वासाची नळी आहे, आत स्टेंट आहे. तरी लाइट चालते?

चालते. गळ्यातली नळी धातूची असेल तर लाइटच्या काळात प्लॅस्टिकची घालतात, कारण धातूशेजारच्या कातडीला जास्त किरणं लागतात. नळी रोज साफ करणं, वाफ घेणं आणि खोली कोरडी न ठेवणं हे घरच्यांनी शिकून घ्यावं. परिचारिका दोन दिवसांत शिकवते. धातूचा स्टेंट असेल तर योजना करताना ते लक्षात घेतलं जातं. पेसमेकर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

१९. लाइट संपून तीन महिने झाले. कोरडा खोकला, कणकण, दम. आजार परत आला का?

बहुधा नाही. लाइटनंतर एक ते सहा महिन्यांत फुफ्फुसाच्या किरण लागलेल्या भागाला सूज येऊ शकते. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती उतरते. गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, उतरत्या क्रमाने करायच्या. घाईने पेट-सीटी (कर्करोगाची जागा चमकवून दाखवणारा स्कॅन) केला तर सुजेमुळेही तो चमकतो आणि घरभर रडारड होते. म्हणून तो साधारण तीन महिने थांबूनच करतात.

दोन लक्षणं मात्र वेगळी. श्वासाची जुनी घरघर परत आली तर दुर्बिणीने बघायला हवं, नळी आकसलेली असू शकते किंवा गाठ वाढलेली. आणि पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल तर श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये भोक पडल्याची शंका घ्यावी लागते. तोंडाने खाणं थांबवून त्याच दिवशी या.

२०. आधी घशासाठी लाइट झालेली आहे. त्याच जागी पुन्हा देता येते?

कधीकधी. मधे किती वर्षं गेली, मज्जारज्जूला आधी किती डोस पोचला आणि आताची गाठ किती मोठी, यावर ठरतं. जुनी फाइल आणि डोसचा तक्ता नसेल तर जपून अंदाजाने कमी द्यावी लागते. म्हणून लाइट संपल्यावर मिळालेला सारांश लॅमिनेट करून सात-बाराच्या उताऱ्याशेजारी ठेवा.

२१. थायरॉइडचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर श्वासनलिकेत घुसला आहे. हीच उत्तरं लागू?

श्वासाची वाट, जाळी, खंड, जेवण यांची लागू (प्रश्न ७, ९, १२, १५). उपचाराचा क्रम नाही, तो मूळ आजाराचा चालतो.

२२. वडिलांना कॅन्सर म्हणून सांगू नका, अशी विनंती आहे.

ही विनंती मायेपोटी असते, ते मला कळतं. पण महिनाभर रोज कर्करोगाच्या विभागात येणारा माणूस बाकावर शेजारी बसलेल्यांकडून सगळं ऐकतो. आणि जाळीखाली स्थिर पडून राहायला, दुखत असताना घास गिळायला, विडी सोडायला त्याची साथ लागते. विडी चालू ठेवली तर लाइटचा परिणाम घटतो आणि त्रास वाढतो, म्हणून ती सोडणं हा उपचाराचाच भाग आहे. मी आधी विचारतो, 'काका, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय?' बहुतेक जण म्हणतात, 'मला माहीत आहे, पोरांना सांगू नका.'

२३. अडेनॉइड सिस्टिक होता, पाच वर्षं झाली, सगळं छान आहे. आता तपासण्या बंद करू का?

नको. हा प्रकार दहा-पंधरा वर्षांनीही परत येतो, बहुधा फुफ्फुसात छोट्या गाठींच्या रूपात. त्या हळू वाढतात. काही त्रास नसेल तर कित्येकदा नुसतं लक्ष ठेवणं पुरतं, लगेच केमोची घाई करायची नसते. म्हणून दर वर्षी छातीचा सीटी आणि गरजेनुसार दुर्बीण चालू ठेवा. सोबत वर्षातून एकदा टीएसएच ही रक्ततपासणी करा, कारण मानेवर लाइट झाली की थायरॉइड मंदावू शकते. थकवा, अंगावर सूज, आवाज जड होणं हे वयाचं समजून लोक सोडून देतात आणि एका गोळीने ते सुटणारं असतं. स्क्वॅमस झालेल्यांनी हीच तपासणी तोंड, घसा आणि फुफ्फुसासह करून घ्यावी. तंबाखूमुळे तिथे दुसरा, नवा कर्करोग होण्याचा धोका त्यांना असतो.